विमानखरेदीच्या बातमीतून वैमानिकांच्या जागांचा अंदाज कसा बांधावा

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण सुरू झाल्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील मराठी घरांतही मुलाला किंवा मुलीला पायलट करण्याचा विषय निघू लागला आहे. या निर्णयाला पुष्कळदा आधार असतो तो एखाद्या कंपनीने काहीशे विमाने मागवल्याच्या बातमीचा. बातमी खरीच असते. परंतु कर्ज काढण्यापूर्वी ती कशी वाचावी, हे पालकांनी समजून घेणे आवश्यक आहे.

मागवलेल्या विमानांच्या संख्येआधी ती कधी मिळणार हे पाहावे. इंडिगोने जून 2023 मध्ये एअरबसकडे 500 विमानांची मागणी नोंदवली, पण त्यांचा पुरवठा 2030 ते 2035 या काळात व्हायचा आहे. त्यानंतर येणारी विमाने ताफ्यात भर घालणार आहेत की जुनी आणि भाड्याची विमाने परत गेल्यावर त्यांची जागा घेणार आहेत, हे तपासावे. कारण जुन्याच्या जागी नवे विमान आले तर बरेचदा तेच वैमानिक ते चालवतात. मागणी म्हणजे हमी नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, तेव्हा तिच्या नावावर 225 बोइंग 737 मॅक्स विमानांची मागणी होती. मे 2023 मध्ये गो फर्स्ट बंद पडली, त्याआधी तिची निम्मी विमाने इंजिनांअभावी जमिनीवर उभी होती. म्हणून ताफ्यात विमाने किती, यापेक्षा प्रत्यक्ष उडणारी किती, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

आता हिशेब करून पाहू. एक विमान दिवसाला सरासरी 12 तास उडते असे धरले, तर वर्षाला 4,380 तास होतात, आणि कॉकपिटमध्ये दोघे बसत असल्याने वैमानिकांचे 8,760 तास लागतात. एका वैमानिकाला वर्षात 1,000 तासांपेक्षा जास्त उड्डाण करता येत नाही. म्हणजे कागदावर नऊ वैमानिक पुरतात. प्रत्यक्षात रजा, आजारपण, सिम्युलेटरवरील (विमानाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या यंत्रावरील) नियमित चाचण्या, वैद्यकीय तपासणी आणि स्टँडबाय ड्यूटी (बोलावणे आल्यास उड्डाणासाठी तयार राहणे) वजा जाता एका वैमानिकाच्या वाट्याला 750 तास आले, तर बारा वैमानिक लागतात. त्यांतले सहा कॅप्टन आणि सहा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. 12 तास आणि 750 तास हे दोन्ही आकडे धरून चाललेले आहेत आणि कंपनीगणिक ते बदलतील, पण वार्षिक मर्यादा आणि खरे तास यांतले अंतर किती मोठे आहे ते यातून कळते.

हे अंतर ठरवण्यात ड्यूटीच्या नियमांचा मोठा वाटा असतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी 2024 मध्ये सुधारित नियम जाहीर केले. ते जुलै आणि नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली. मध्यरात्री 12 ते पहाटे 5 अशी असलेली ‘रात्र’ 6 वाजेपर्यंत वाढली, आणि रात्रीच्या ड्यूटीत सहाऐवजी दोनच लँडिंग करता येतील असे ठरले. एक तास वाढला तर एवढे काय बिघडते, असे वाटेल. सकाळी 6:15 ला सुटणाऱ्या विमानाचा वैमानिक तासभर आधी हजर होतो असे समजा. 5:15 ही वेळ जुन्या व्याख्येत दिवसाची होती, नव्या व्याख्येत ती रात्रीत मोडते. त्यामुळे जो वैमानिक पूर्वी सकाळपासून चार उड्डाणे करून घरी जाई, त्याच्या दोन उड्डाणांनंतर वैमानिकांची दुसरी जोडी आणावी लागते. डिसेंबर 2025 च्या आरंभी इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, त्यामागे नव्या नियमांना पुरतील इतके वैमानिक रोस्टरवर, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकात, नसणे हे प्रमुख कारण होते. तेव्हा डीजीसीएने रात्रीच्या नियमांत त्या कंपनीला 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत तात्पुरती सूट दिली. अशा सवलती दिल्या आणि मागे घेतल्या जात असल्याने नियम ऐकीव माहितीवर न धरता महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरचा ताजा मजकूर वाचावा.

वैमानिकांचा तुटवडा असल्याचे वाचनात आले, तर तो कोणत्या पदाचा आहे हे विचारावे. व्यावसायिक परवाना 200 तासांच्या उड्डाणावर मिळतो, पण कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या परवान्याला 1,500 तास हवेत. कॅप्टनांचा तुटवडा असताना परवाना घेतलेली तरुण मुले घरी बसलेली असू शकतात. यात विसंगती काहीच नाही. शिवाय प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी वेगळे टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान चालवण्याचे खास प्रशिक्षण आणि मान्यता, लागते आणि त्याचा खर्च अनेकदा उमेदवारालाच करावा लागतो. बेळगावला येणारे एटीआर किंवा स्टार एअरचे एम्ब्रेअर ही छोटी विमाने चालवणारा वैमानिक उद्या उठून एअरबसवर बसू शकत नाही.

हाच हिशेब प्रशिक्षण संस्थेलाही लावावा, आणि माझ्या मते पालक नेमके इथेच कमी पडतात. संस्थेकडे किती विमाने आहेत यापेक्षा गेल्या महिन्यात किती उडाली, प्रशिक्षक किती आहेत, आणि एका विमानामागे किती विद्यार्थी आहेत, ते विचारावे. बेळगावचा पाऊस आणि खाली उतरलेले ढग पाहता जून ते सप्टेंबरमध्ये प्रत्यक्ष किती तास मिळतात, याची जुन्या विद्यार्थ्यांकडे स्वतंत्रपणे चौकशी करावी. वर्षाचे काम दोन वर्षांवर गेले, तर कर्जाचे व्याज तेवढे वाढतेच, आणि आधी उत्तीर्ण केलेल्या लेखी परीक्षांची मुदतही सरू शकते. म्हणून फी एकरकमी न भरता उडालेल्या तासांप्रमाणे टप्प्याटप्प्याने भरता येईल का, आणि प्रशिक्षण मधेच थांबले तर उरलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे प्रवेशापूर्वी लेखी घ्यावे.