कोटेशनचं बिल झालं आणि दोन लाख गेले

भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. इंदूरच्या रामबागेत घराच्या मागच्या खोलीत मी हे दळून विकते. सबसिडीचं विचारायला कोणी ना कोणी येतंच, आणि मी प्रत्येकीला आधी एकच विचारते: मशीन घेतलंस का? "नाही अजून" म्हणाली की माझा जीव भांड्यात पडतो.

योजनांची नावं तुम्हाला ठाऊक असतील, म्हणून थोडक्यात. मुद्रा योजनेत अनुदान नाही, ते विनातारण कर्ज आहे. कोणी "मुद्रात निम्मं माफ होतं" म्हणाला तर चहा पाजा आणि वाटेला लावा. आपल्या मध्य प्रदेशच्या उद्यम क्रांती योजनेत कर्जाच्या व्याजावर ३ टक्के सूट मिळते, तीही जास्तीत जास्त ७ वर्षं. थेट अनुदान हवं तर पीएमईजीपी, म्हणजे केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. त्यात बाईला शहरात प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के, खेड्यात ३५, आणि पदरचे ५ टक्के घालायचे. खुल्या वर्गातल्या पुरुषाला शहरात १५ आणि पदरचे १०. कुठलीही योजना घ्या, आधी बँकेनं कर्ज मंजूर करायला हवं. नुसता धनादेश हातात ठेवणारी योजना मला तरी भेटली नाही.

माझा प्रकल्प ८ लाखांचा होता. दळायला पल्व्हरायझर, भाजायला रोस्टर, पॅकिंग मशीन, थोडं खेळतं भांडवल. म्हणजे २ लाख अनुदान. अर्ज ऑनलाइन, फुकट. तो बँकेत पोचला, तिथे "देखते हैं" ऐकून मी घरी आले. दिवाळी पाच आठवड्यांवर. भाजणीच्या ऑर्डरी घेऊन बसलेली. कोपऱ्यावरचा चक्कीवाला मसाला दळायला तयार नाही, पुढच्याच्या गव्हाला वास लागतो म्हणे. त्यात डीलर म्हणाला, पल्व्हरायझर आत्ता उचला, सहा हजार कमी करतो. उचललं. ७८ हजार. तेच मशीन, तोच डीलर, यादीतलाच आकडा. कर्ज आलं की बिल दाखवून पैसे वळते करून घेऊ, असा माझा हिशेब.

नोव्हेंबरात बँकेचे साहेब जागा बघायला आले. मी हौसेनं मशीन चालू करून दाखवलं. त्यांच्या काळ्या बुटांवर धन्याची पूड बसली, ती त्यांनी रुमालानं झटकली आणि म्हणाले, "मॅडम, ये तो चालू यूनिट है."

आता हे हळू वाचा. पीएमईजीपीचं पहिलं कर्ज फक्त नव्या युनिटसाठी आहे. कर्ज मंजूर होईपर्यंत तुमच्या हातात मशीनचं कोटेशन असायला हवं, बिल नको. कोटेशन म्हणजे "घेणार आहे", बिल म्हणजे "घेतलं". बँक जे घ्यायचंय त्याला पैसे देते, आणि शक्यतो थेट डीलरच्या खात्यात. बिलावर तारीख असते, ती मंजुरीच्या आधीची निघाली की वाद घालायला जागा उरत नाही. आणि गोष्ट एकट्या बिलाची नाही. मी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करताना "उत्पादन कधी सुरू केलं" या रकान्यात प्रामाणिकपणे आदल्या वर्षीची तारीख टाकली होती, कारण तेव्हापासून मिक्सरवर किलो-दोन किलो करतच होते. विजेचं बिल वाढलेलं, दारावर पाटी, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी. सगळे कागद एकच साक्ष देत होते. सहा हजार वाचवायला मी दोन लाख घालवले.

सीझन डोक्यावर असेल तर दुसऱ्याच्या मसाला गिरणीत किलोमागे पैसे देऊन दळून आणा, अंग दुखेल, दुखू द्या. डीलरकडून जीएसटी क्रमांक असलेलं कोटेशन घ्या आणि घरी या. बयाणासुद्धा देऊ नका.

मग एक एजंट भेटला. बिलाची तारीख बदलून देतो, वर शहराबाहेरच्या गावाचा पत्ता लावू, ३५ टक्के मिळतील. त्यातले दहा टक्के त्याचे. मी नाही म्हटलं, धाडस नव्हतं म्हणून, सचोटीचं श्रेय घेत नाही. पण पुढे प्रत्यक्ष तपासणी होते, तेव्हा गावात दाखवायला मशीन कुठून आणणार होते? माझं स्पष्ट मत आहे, फॉर्म भरायला पैसे मागणारा माणूस तुमचा नसतो. त्यापेक्षा बँकेतून निवृत्त झालेला एखादा काका शोधा. आमच्या वाड्यातल्या काकांनी माझा प्रोजेक्ट रिपोर्ट लाल पेनानं खोडून काढला, कारण मी पावसाळ्यातही दिवाळीएवढी विक्री धरली होती. पाच दिवस राग होता. मग नवा लिहिला.

घाबरू नका मात्र. आधीच सुरू करून बसलेल्यांसाठीही दार आहे. २०२० साली आलेल्या पीएमएफएमईत, म्हणजे लहान खाद्यप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत, चालू असलेलं खाद्यप्रक्रिया युनिट वाढवायला ३५ टक्के अनुदान मिळतं, कमाल १० लाख. या योजनेत प्रत्येक जिल्ह्याला एक उत्पादन नेमून दिलंय, इंदूर जिल्ह्याचं बटाटा आहे, त्यामुळे मी आधी तिकडे फिरकलेच नव्हते. चालू युनिट मसाल्याचं असलं तरी बसतं हे जिल्ह्याच्या रिसोर्स पर्सननं, म्हणजे अर्जाला मदत करायला योजनेनं नेमलेल्या माणसानं, सांगितलं. त्यांचं मानधन सरकार देतं, तुमच्याकडून काही घ्यायचं नसतं. अर्जाआधी योजनेची मुदत चालू आहे ना, तेवढं बघा. रोस्टर आणि पॅकिंग मशीन मिळून ६ लाख, पदरचे ६० हजार, अनुदान २ लाख १० हजार. या वेळी कोटेशन चार महिने फाइलीत तसंच ठेवलं. डीलरचा फोन आला की मी कुकरची शिट्टी झाली सांगून ठेवून द्यायची.

अनुदानाचे पैसे हातात येत नाहीत. बँकेत तीन वर्षं वेगळे पडून राहतात, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि युनिट चालू व हप्ते सरळ असतील तर शेवटी कर्जात वळते होतात. म्हणून हप्ता चुकवू नका.

माझी तीन वर्षं पुढच्या श्रावणात पुरी होतील. रोस्टरवर आणि पॅकिंग मशीनवर बँकेचं नाव रंगवलंय. पल्व्हरायझरवर काही नाही. त्याच्या झाकणाच्या फटीतून धन्याची पूड अजून गळते, तिथे मी जुनं धोतर गुंडाळून ठेवलंय.