किशोर कादंबरीच्या प्रसिद्धीसाठी पूरक मजकूर कसा तयार करावा

साधारण १२ ते १८ वयोगटातील वाचकाला कादंबरी संपल्यावर त्या जगातून लगेच बाहेर पडायचे नसते, आणि पूरक मजकुराचा खरा उपयोग नेमका तिथेच होतो. म्हणून संपादनात गाळलेली प्रकरणे, पात्रांची पत्रे, कथेतील गावाचा नकाशा असे साहित्य लेखन चालू असतानाच वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवावे.

माझ्या मते सर्वांत परिणामकारक ठरतो तो दुय्यम पात्राच्या नजरेतून पुन्हा सांगितलेला प्रसंग. समजा, नायिका मैत्रिणीशी भांडून वर्गाबाहेर निघून जाते. तर मागे बसून राहिलेल्या मैत्रिणीने वहीच्या शेवटच्या पानावर काय खरडले आणि ते पान का फाडून टाकले, हे हजारेक शब्दांत लिहावे. मात्र मूळ कथा समजण्यासाठी हा मजकूर आवश्यक ठरता कामा नये. पैसे मोजून घेतलेले पुस्तक अपुरे वाटले, तर वाचकाची नाराजी रास्तच असते.

प्रकाशनापूर्वी पहिले प्रकरण आणि पात्रांची चित्रे द्यावीत. शेवट उघड करणारा मजकूर पुस्तकाच्या अखेरच्या पानावरील क्यूआर कोडमागे ठेवावा. (त्यामागचा दुवा पुढे बदलता येईल असाच असावा, कारण छापलेले पान दुरुस्त करता येत नाही.) शिक्षक व ग्रंथपालांसाठी आठ-दहा चर्चाप्रश्न पुरेत. चित्रकाराकडून प्रसिद्धीसाठीच्या वापराची लेखी परवानगी घ्यावी, आणि गाळलेल्या प्रकरणांचे हक्क कोणाकडे आहेत, हे प्रकाशकाशी झालेल्या करारात आधीच पाहून ठेवावे.