एमआरआयमध्ये ‘गाठ’ निघाल्यास शस्त्रक्रियेला संमती देण्यापूर्वी काय करावे

तरुण मुलाला अचानक झटका (फिट) आला किंवा अर्धे अंग लुळे पडले आणि एमआरआयच्या अहवालात मेंदूत ट्यूमरची शंका लिहून आली, तर चंद्रपूर-गोंदियाहून नागपूर गाठणाऱ्या कुटुंबाने आधी हे ध्यानात घ्यावे की, मज्जातंतूंचे मायलिन आवरण नष्ट करणारा दाहही २ सेंटिमीटरहून मोठा डाग धरून हुबेहूब ट्यूमरसारखा दिसू शकतो. आपल्याकडे क्षयाची गाठही असाच चकवा देते.

छापील अहवालासोबत फिल्म आणि सीडीही मागून घ्यावी आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे (मेडिकल) सुपर स्पेशालिटी रुग्णालय असो की मिहानचे एम्स, मेंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्या न्यूरोसर्जनइतकेच औषधोपचार करणाऱ्या न्यूरोलॉजिस्टचेही मत घ्यावे. कॉन्ट्रास्ट म्हणजे डाग ठळक दाखवणारे इंजेक्शन दिल्यानंतर त्याभोवती दिसणारे गोल कडे (रिंग) पूर्ण आहे की एका बाजूने उघडे, आणि डागाच्या मानाने सूज कमी आहे का, हे त्यांना विचारावे. उघडे कडे आणि कमी सूज दाहाकडे बोट दाखवतात, मात्र तेवढ्यावर निदान पक्के होत नाही.

खरी उकल पुष्कळदा रुग्णाच्या इतिहासात असते. पूर्वी एका डोळ्याने अंधुक दिसून बुबुळ हलवताना दुखले होते का, हातापायांचा बधिरपणा आपोआप बरा झाला होता का, नुकताच ताप येऊन गेला का, घरात कोणाला क्षय होता का, हे सारे तारखांसह कागदावर लिहून न्यावे, कारण संबंध नसेल असे समजून लोक या गोष्टी सांगतच नाहीत. मणक्याचा एमआरआय आणि रक्तातील एक्यूपी४ व मॉग या, अशा दाहाच्या काही आजारांत आढळणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी लागेल का, हेही विचारावे.

डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय स्टेरॉइड मुळीच सुरू करू नये. लिम्फोमा हा कर्करोगही त्याने तात्पुरता आकसतो आणि मग बायोप्सीत (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) निदान निसटू शकते. तथापि, उलट्या होत असतील किंवा रुग्ण गुंगीत जात असेल, तर दुसऱ्या मताची वाट न पाहता तातडीने अपघात विभागात न्यावे.

शंका उरलीच तर बायोप्सीला घाबरू नये. मात्र दाहाची शक्यता पॅथॉलॉजीच्या अर्जावर लिहिली आहे ना, याची खात्री करावी, कारण दाहग्रस्त ऊती सूक्ष्मदर्शकाखालीही ट्यूमरसारख्या भासू शकतात. दाहाचे निदान झाल्यास शिरेवाटे मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड साधारण ३ ते ५ दिवस देतात. त्याने डाग लहान झाला, तरी पुढच्या एमआरआयची तारीख ठरवूनच घरी जावे.