आतड्यातील जिवाणूंना साजेसा आहार कसा ठरवावा

रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे म्हणून विकले जाणारे काढे आणि चूर्णे बाजारात उदंड आहेत. परंतु ही शक्ती नुसती वाढून भागत नाही, ती आवरताही यावी लागते, कारण ॲलर्जी हा तिच्याच अनावरपणाचा प्रकार आहे. हा आवर घालण्यात मोठ्या आतड्यातील जिवाणूंचा वाटा असतो. आपल्याला न पचणारा चोथा आंबवून ते ब्युटिरेटसारखी मेदाम्ले तयार करतात. त्यांवर आतड्याच्या अस्तरातील पेशी पोसतात, आणि दाह (रोगप्रतिकारशक्तीमुळे येणारी सूज) आटोक्यात ठेवणाऱ्या नियामक टी-पेशी, म्हणजे या शक्तीला आवर घालणाऱ्या पांढऱ्या पेशी, घडण्यास ब्युटिरेटची मदत होते, असे २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले.

म्हणून सुरुवात ताटापासून करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांच्या आहारात दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू, म्हणजे हाच चोथा, असावेत. भाकरी, उसळ, शेवग्याच्या शेंगा, पालेभाज्या, जवसाची चटणी असे जितके प्रकार आलटून पालटून खाल तितके बरे, कारण सगळे जिवाणू एकाच चोथ्यावर जगत नाहीत. प्रमाण मात्र एकदम वाढवू नये. पोट फुगले की उत्साह मावळतो. पहिल्या आठवड्यात अर्धी वाटी उसळ पुरे. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून दिल्यास वायू धरणाऱ्या शर्करा काही प्रमाणात निघून जातात.

आंबवलेल्या पदार्थांबाबत २०२१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील ३६ प्रौढांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. दही, केफिर (आंबवलेले दूध), किमची (आंबवलेल्या कोबीचा कोरियन पदार्थ) असे पदार्थ दहा आठवडे भरपूर खाणाऱ्या गटात जिवाणूंची विविधता वाढली आणि दाहाशी संबंधित १९ प्रथिनांचे प्रमाण घटले. इडली आणि आंबोळी आंबवलेल्या खऱ्या, पण शिजताना त्यांतील जिवाणू मरतात, कढीचेही तेच. तेव्हा घरच्या विरजणाचे दही किंवा ताक घ्यावे, आणि फोडणी हवीच असेल तर ती वरून घालावी, ताक उकळू नये. तेलामिठात मुरलेले लोणचे दह्याच्या जागी धरू नये.

सर्वांना एकच आहारतक्ता का लागू पडत नाही, हे इस्रायलमधील वाइझमन संस्थेने २०१५ साली दाखवून दिले. तेथे ८०० जणांची रक्तशर्करा आठवडाभर सतत मोजली असता एकाची साखर केळ्याने चढली आणि बिस्किटाने नाही, तर दुसऱ्याचे नेमके उलटे झाले, आणि या फरकाचा संबंध आतड्यातील जिवाणूंशीही आढळला. घरी असे पाहायचे तर साधा ग्लुकोमीटर पुरतो. पोहे आणि ज्वारीचे थालीपीठ असे दोन नाश्ते निवडावेत. आदल्या रात्रीचे जेवण आणि झोप शक्यतो सारखी ठेवावी. उपाशीपोटी, मग पहिल्या घासापासून एक आणि दोन तासांनी साखर मोजून वहीत टिपावी. प्रत्येक नाश्त्याची मोजणी दोन-तीनदा करावी, कारण एकाच माणसाचे आकडेही बदलतात. त्यानंतर पोह्यांत मटार-शेंगदाणे वाढवावेत, पण एका वेळी बदल एकच. मधुमेहाचे औषध चालू असणाऱ्यांनी या आकड्यांवरून गोळ्यांची मात्रा स्वतः बदलू नये.

मलाच्या नमुन्यावरून आहार सुचवणाऱ्या महागड्या चाचण्यांची घाई करू नये, असे माझे मत आहे. निरोगी आतड्यात कोणते जिवाणू किती असावेत, याचे सर्वमान्य प्रमाणच अजून ठरलेले नाही. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयवरोपण झालेल्या व्यक्तींनी मात्र जिवंत जिवाणूंच्या गोळ्या आणि घरी आंबवलेले पदार्थ आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत.