मासळीच्या पिकअपला स्टेनलेस सायलेन्सर बसवताना

मिरकरवाड्याहून किंवा हर्णैहून मासळी भरून निघालेल्या जुन्या डिझेल पिकअपखाली वाकून बघा. हौद्याच्या फटींतून बर्फाचं खारं पाणी गळतं ते थेट पाइपवर. साध्या पत्र्याचा सायलेन्सर अशा गाडीला टिकत नाही. ठिगळावर ठिगळ वेल्ड करत बसण्यापेक्षा मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या नळकांड्याच्या) मागची सगळी लाइन एकदाच स्टेनलेसची करावी. हे जुन्या गाड्यांबद्दल. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) आणि सेन्सर काढायचे नाहीत, कुणी कितीही गळ घातली तरी.

माल घेताना बिलावर ग्रेड लिहून घ्या. किनाऱ्यावर ३०४ घ्यावं. चुंबक लावून पारख करा असं सगळे सांगतात, ते ऐकू नका. रेलिंगला वापरतात ते २०२ सुद्धा चुंबकाला चिकटत नाही आणि खाऱ्या हवेत लवकर डागाळतं. उलट ४०९ चिकटतं, तरी ते एक्झॉस्टसाठीच बनवलेलं खरं स्टेनलेस आहे.

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, बॅटरीची वायर काढा, इंजिन पूर्ण गार होऊ द्या.

खरं काम मॅनिफोल्ड आणि फ्रंट पाइप जोडणाऱ्या फ्लँजचं, म्हणजे नटांनी आवळलेल्या चपट्या सांध्याचं. तिथले नट वर्षानुवर्षं तापून-गार होऊन स्टडशी (मॅनिफोल्डमध्ये बसवलेल्या बिनडोक्याच्या बोल्टशी) एकजीव झालेले असतात. मला सुरुवातीला सगळ्यात जास्त याच नटांनी छळलं. ‘पान्याला लांब पाइप लाव आणि जोर दे’ हा गॅरेजमधला सर्रास सल्ला आहे, आणि तोच सगळ्यात वाईट. नट सुटत नाही, स्टड तुटतो. मग बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये अडकलेला तुकडा ड्रिल करत बसायचं, आणि ड्रिल तिरकं गेलं की मॅनिफोल्डच बाद.

आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारा स्प्रे मारा, सकाळी पुन्हा मारा. रॉकेल-डिझेलवर भागवू नका. बारा दातांचा रिंग पाना नटाचे कोपरे मारतो, म्हणून सहाकोनी बॉक्स पानाच वापरा. आधी नट किंचित आवळायच्या दिशेने हलवा. ‘कट्’ असा आवाज आला की पाव फेरा सोडा, परत थोडा आवळा, पुन्हा सोडा. हात अडला की थांबा.

तरीही हलत नसेल तर गॅसची ज्योत फक्त नटावर धरा, स्टडवर नाही. आधी स्प्रेचं तेल पुसून टाका, डिझेलच्या आणि ब्रेकच्या नळ्या ओल्या गोणपाटाने झाका, अग्निशामक हाताशी ठेवा. नट लाल झाला की ज्योत बाजूला घ्या, लाली गेली की मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत शिरतं आणि नट सुटायला लागतो. एवढ्यानेही ऐकला नाही तर ग्राइंडरने नटाची एक बाजू कापून छिन्नीने फोडा. नट स्वस्त आहे, मॅनिफोल्ड नाही. स्टड तुटलाच आणि थोडा बाहेर राहिला, तर त्यावर नवा नट वेल्ड करून तो गरम असतानाच फिरवा.

बाकीची लाइन कापून काढली तरी चालते. पाइप टांगणारे रबर साबणाच्या पाण्याने सरकतात.

नवीन लाइन आधी सगळी ढिली टांगा. फ्लँजला नवी पॅकिंग, नवे नट आणि आट्यांना तांब्याचं अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारा लेप) हवंच. स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नट कोरडा आवळला तर तो तिथेच चिकटतो. ब्रेकची नळी, वायरिंग आणि स्टेपनी यांच्यापासून पाइप निदान २५ मिमी लांब ठेवा, मग इंजिनकडून मागे आवळत जा. पाइप चॅसिसला वेल्ड करून पक्का करायला मात्र ठाम नकार द्या. ३०४ तापल्यावर साध्या पोलादाच्या जवळजवळ दीडपट लांबतं. त्याला हलायला जागा मिळाली नाही तर पहिल्याच मोसमात वेल्डशेजारी तडा जातो. फ्लेक्सिबल तुकडा आणि रबर हवेतच.

आतून पोकळ, आवाज करणारा डबा घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि गाडी चालवण्याचा परवानाही निलंबित होतो.

इंजिन गार असतानाच सुरू करा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले तर तिथे गळती आहे. पहिल्यांदा तापताना थोडा धूर आणि पाइपवर निळसर-सोनेरी झाक येते, ती येणारच. पहिली भरलेली फेरी झाली की गार गाडीचे सगळे नट पुन्हा आवळा, आणि मासळी उतरवल्यावर खालून गोड्या पाण्याचा फवारा मारत जा, कारण खाऱ्या पाण्याने ३०४ लाही बारीक खड्डे पडतात.