काविळीची माळ आणि माझी ओपीडी

खानापूरकडचा एक तरुण काविळीची माळ घालून ओपीडीत आला होता. मी नुकतीच एमडी होऊन बेळगावात परतले होते, अंगात शिक्षण सळसळत होतं. "आधी ती माळ काढा." तो माळेसकट निघून गेला तो पुन्हा फिरकला नाही.

आता मी माळेला हात लावत नाही, रक्त घेते. हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जातं. जाऊ दे. मात्र गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत ई झाली तर जिवावर बेतू शकतं, तिथे मी सासूशीही भांडते. बी आणि सी ची गोष्ट वेगळी. डोळे पिवळे न करता ते वर्षानुवर्षं यकृत पोखरतात. त्यासाठी माळवाल्याकडेही कोणी जात नाही आणि माझ्याकडेही नाही. माझं संशोधन त्यांच्यावर आहे.

तुम्हालाही या संशोधनात यायचं असेल तर वाट लांब आहे: साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी मेडिसिन, मग नीट-एसएस ही सुपर-स्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षं संसर्गजन्य रोगांत डीएम. जागा मोजक्या. "कार्डिओलॉजी का नाही?" हे घरी ऐकावं लागेलच.

संशोधन म्हणजे निम्मी कारकुनी. इथे घरात मराठी, शाळा कन्नड. संमतीपत्र दोन्ही भाषांत हवं आणि वाचूनही दाखवायला हवं. बी निघाला तर सोयरीक मोडेल ही भीती खरी असते, म्हणून रिपोर्ट ज्याचा त्यालाच, बाजूला बसवून.

नमुन्यांवरची चिठ्ठी नीट लावा. दिल्लीतली १९५५-५६ ची साथ ए ची समजली गेली होती. रुग्णांच्या रक्तातलं जपून ठेवलेलं सीरम १९८० मध्ये तपासलं तेव्हा ती ए नव्हती हे कळलं. ती ई होती, हे त्यानंतर. माझ्या मात्र पहिल्याच वर्षी फ्रीजरमधल्या कुप्यांवरची शाई पुसली गेली. एक अख्खा खोका फेकला, रडलेही.

सी आता बहुतेकदा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. बी ची औषधं मात्र वर्षानुवर्षं चालतात.

आणि वॉर्डात पाऊल ठेवण्याआधी स्वतःचे बी लसीचे तीन डोस पुरे करा, अँटिबॉडी तपासा. सुई मलाही टोचली आहे.

परवा एका माळवाल्या पेशंटची बायको दारातूनच म्हणाली, "माझं पण रक्त बघा की ओ."