पोस्टडिलेड म्हणजे घड्याळ नव्हे

सोलापुरात अँड्रॉइड शिकणारी पोरं हमखास एक तक्रार घेऊन येतात: "दादा, माझ्या फोनवर ॲनिमेशन मस्त चालतं की हो, दुसऱ्याच्या फोनवर अडखळतं." कोड उघडला की बहुतेक वेळा आत पोस्टडिलेड (अमुक मिलिसेकंदांनी हे काम चालव, असं सांगणारी आज्ञा) आणि १६ हा आकडा सापडतो. याच जोडीनं मलाही भरपूर छळलंय. मेसेजक्यू म्हणजे कामांची रांग, हँडलर त्यात काम टाकतो आणि लूपर एकेक काम उचलतो, हे तुम्ही वाचलेलं असणार, त्यामुळे थेट दुखण्यावर येतो.

टच, लेआउट, क्लिक, ॲनिमेशनचा कॉलबॅक (वेळ आली की चालणारा कोड) हे सगळं मेन थ्रेडच्या, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या मुख्य धाग्याच्या, एकाच रांगेत लागतं आणि लूपर एका वेळी एकच मेसेज हातात घेतो. १६ मिलिसेकंदांचं पोस्टडिलेड फक्त एवढंच सांगतं, की त्याआधी माझा नंबर लावू नका. त्यानंतर नेमका कधी लागेल, याची हमी कुणीच देत नाही. एसटी स्टँडच्या आरक्षण खिडकीवर तुम्ही वेळेत पोचलात, पण पुढचा माणूस गाणगापूरला जाणाऱ्या अख्ख्या खानदानाची तिकिटं काढतोय, तर थांबावंच लागणार.

चादरींच्या कॅटलॉगचं ॲप घ्या. बोट सरकवलं की पुढच्या चादरीचा फोटो आत येतो, दर टिकला, म्हणजे पोस्टडिलेडच्या दर फेरीला, १० पिक्सेल. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर फ्रेम, म्हणजे एक चित्र, १६.६७ मिलिसेकंदांची असते, १२० वर ८.३३ ची. तुमची टिक म्हणजे १६ अधिक रांगेतला उशीर. म्हणजे एखाद्या फ्रेममध्ये दोन टिका घुसतात, एखादी कोरडीच जाते. त्यात तो मोठा फोटो मेन थ्रेडवरच डीकोड केला (फाइलमधून उलगडला) आणि ५० मिलिसेकंद खाल्ले, की तीन फ्रेम गेल्या. टिका मोजून हलवलेली चादर मग उशिरा पोचते. किती वेळ गेला ते बघून जागा ठरवली, तर ती एखादी उडी मारेल, पण वेळेत पोचेल. म्हणून गेलेल्या वेळेवरून जागा मोजणारा अँड्रॉइडचा तयार व्हॅल्यूॲनिमेटर वापरा, नाहीतर फ्रेमचा ताल सांभाळणाऱ्या कोरिओग्राफरकडून फ्रेमची वेळ घ्या. तो २०१२ च्या अँड्रॉइड ४.१ पासून आहे, नवलाईचं काही नाही. फ्रेमच्या मेसेजला रांगेत प्राधान्य मिळतं खरं, पण चालू असलेला मेसेज तोही मध्येच थांबवू शकत नाही.

थ्रेड.स्लीप, म्हणजे थ्रेडला झोपवणारी आज्ञा, मेन थ्रेडवर लावाल तर मात्र माझ्याकडे येऊ नका. इनव्हॅलिडेट स्वतः चित्र काढत नाही, पुन्हा काढायची नुसती मागणी नोंदवतो. लूपमध्ये इनव्हॅलिडेट आणि स्लीप घातलं, तर मेन थ्रेड मोकळाच होत नाही, म्हणून मधलं काहीच दिसत नाही, थेट शेवटचं चित्र येतं.

उलटं टोकही वाईट. सगळं काम बॅकग्राउंड थ्रेडवर (मागे वेगळ्या चालणाऱ्या धाग्यावर) टाकायचं आणि काम पुढे सरकल्याच्या प्रत्येक टक्क्याला मेन थ्रेडवर पोस्ट करायचं, यानं रांगच तुंबते. "३०० चा डिले टाक, चालून जाईल" म्हणणाऱ्या सीनियरपासून चार हात लांब राहा. कीबोर्ड हिसकावून न घेता आधी लॉगकॅट (फोनमधल्या घडामोडींची नोंद) मागणारा माणूस मिळाला, तर त्याला सोडू नका. त्यासाठी हुतात्मा एक्सप्रेस धरून पुणं गाठायलाच हवं असं नाही.

लॉगकॅटवरही आंधळा विश्वास नको. 'स्किप्ड फ्रेम्स'ची ओळ सहसा ३० फ्रेम हुकल्यावरच येते, म्हणजे ६० हर्ट्झवर अर्धा सेकंद. तीन-चार फ्रेम गेल्या तर तिथं शुकशुकाट. डेव्हलपर ऑप्शन्समधले रेंडरिंगचे बार चालू करा आणि घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर बघा.

सुरुवातीला डोकं गरगरतं, ते सगळ्यांचंच. रांग एकदा डोळ्यांसमोर आली की निम्मे बग आपोआप ओळखू येतात.

स्क्रीन सोडताना ॲनिमेटरला कॅन्सल आणि हँडलरला रिमूव्हकॉलबॅक्सअँडमेसेजेस नल देऊन सांगा, म्हणजे रांगेतली त्याची उरलेली कामं निघून जातील. मेसेज हँडलरला धरून बसतो आणि हँडलर बहुधा ॲक्टिव्हिटीला, म्हणजे त्या स्क्रीनच्या ऑब्जेक्टला. कॉलबॅक स्वतःलाच पुन्हा पोस्ट करत असेल तर फोन तीनदा आडवा-उभा करून बघा (दर वेळी ॲक्टिव्हिटी नव्याने बनते): जुन्या तीन ॲक्टिव्हिटी मागे अजून चादरी सरकवत बसलेल्या असतील.